तेलाच्या बाटलीवरचा मेंदू : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : 'ओमेगा-३' असा उल्लेख असलेल्या तेलांवर, कॅप्सूलवर व इतर खाद्यपदार्थांवर एएलए, ईपीए आणि डीएचए या तीन फॅटी ॲसिडांची मात्रा मिलिग्रॅममध्ये वेगवेगळी छापण्याची सक्ती करण्याबाबत.

महोदय,

मागणी विषयाच्या ओळीतच लिहून टाकली आहे. पत्र शेवटपर्यंत वाचायला वेळ मिळाला नाही, तरी फाइलवर निदान ती राहील.

माझी सगळी नोकरी तेलाच्या प्रयोगशाळेत गेली. टँकर आला की नमुना काढायचा, आयोडीन व्हॅल्यू, ॲसिड व्हॅल्यू, पेरॉक्साइड व्हॅल्यू तपासायची आणि सही करायची. निवृत्तीनंतर मी विस्मरणाच्या रुग्णांच्या घरच्या मंडळींच्या एका गटात जातो, कारण आमच्याही घरात हा आजार येऊन गेला. तिथे मला सगळे 'तेलवाले काका' म्हणतात आणि हमखास एकच प्रश्न विचारतात : "काका, आईला कुठलं तेल सुरू करू?" कुणी पिशवीतून जवसाच्या तेलाची बाटली काढतं, कुणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, कुणी पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र असलेला मिश्र तेलाचा कॅन. आई पोटच्या पोरीचं नाव विसरायला लागली की घर कितीही ओढगस्तीचं असो, महिन्याच्या हिशोबातून चार-पाचशे रुपये बाजूला काढले जातातच. ते कुठे जावेत हे बहुतेक वेळा डॉक्टर सांगत नाही, लेबल सांगतं. आणि लेबल आपल्या अखत्यारीत येतं.

हा बाजार लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. ज्यांना अजून झालेला नाही पण भीती वाटते, त्यांची मोजदाद कुणी केलेली नाही, आणि विकणाऱ्याचा डोळा त्यांच्यावर जास्त आहे.

आपल्याला हे ठाऊकच असेल, पण पत्र खुलं आहे, तेव्हा इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ओमेगा-३ हे फॅटी ॲसिडांच्या, म्हणजे तेला-चरबीतल्या मूळ घटकांच्या, एका कुटुंबाचं नाव आहे. त्यात आपल्या कामाचे तिघे. अल्फा लिनोलेनिक ॲसिड, म्हणजे एएलए, वनस्पतींत असतं : जवसात भरपूर, मोहरी-सोयाबीनमध्ये थोडं, अक्रोडात बऱ्यापैकी. ईपीए आणि डीएचए मुख्यतः समुद्रातून येतात. सूक्ष्म शेवाळं ती तयार करतात आणि खाद्यसाखळीतून ती माशांत उतरतात. मेंदूच्या पेशींच्या आवरणात जे ठासून भरलेलं असतं ते डीएचए. एएलए तिथे जवळजवळ नसतंच.

शरीर एएलएपासून डीएचए बनवतं, हे खरं. पण किती? बहुतेक अभ्यासांत हा आकडा एका टक्क्याच्या आत राहतो, तरुण स्त्रियांत थोडा जास्त. त्यातही आणखी एक भानगड आहे. सूर्यफूल, करडई यांच्या तेलात भरलेलं लिनोलिक ॲसिड (हे ओमेगा-६) आणि एएलए यांना पुढच्या रूपांतरासाठी तेच एन्झाइम लागतं. एकाच चक्कीवर दोघांचं दळण, आणि आपल्या स्वयंपाकघरातून एकाची पोती येतात तर दुसऱ्याची पुरचुंडी. महाराष्ट्रातली नेहमीची तेलं घ्या : शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ. यांत ओमेगा-३ नसल्यात जमा. करडईत तर तीन-चतुर्थांश लिनोलिकच. उत्तरेकडे मोहरीच्या तेलातून दहाएक टक्के एएलए मिळून जातं, आमच्याकडे तेही नाही.

आता त्या मेंदूच्या चित्रवाल्या कॅनचा हिशोब करू. मिश्र तेलात कुठलंही एक तेल किमान २० टक्के असायला हवं, हा आपलाच नियम. समजा सूर्यफुलाच्या तेलात २० टक्के सोयाबीन घातलं. सोयाबीनमध्ये एएलए साधारण ७ टक्के, म्हणजे मिश्रणात १.४ टक्का. माणशी दिवसाला २० ग्रॅम तेल पोटात गेलं असं धरलं, तर एएलए मिळालं २८० मिलिग्रॅम. त्यातलं एक टक्का जरी डीएचए झालं, तरी ते ३ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि कॅनवर लिहिलेलं असतं 'ओमेगा-३ युक्त', शेजारी शब्दकोडं सोडवणारे आजोबा.

युरोपीय संघाने हा घोळ २०१२ साली नियमानेच मिटवला. तिथे मेंदूच्या सामान्य कार्याचं विधान फक्त डीएचएसाठी करता येतं, आणि हा परिणाम रोज २५० मिलिग्रॅम घेतल्यावर मिळतो हेही सांगावं लागतं. एएलएसाठी परवानगी आहे ती कोलेस्टेरॉलच्या विधानाची, तीही रोज २ ग्रॅम या मात्रेला. म्हणजे कुठल्या ॲसिडच्या नावावर काय म्हणायचं, याची वाटणी झालेली आहे. आपल्याकडे जवसाच्या बाटलीवर मेंदू आणि माशाच्या कॅप्सूलवर हृदय, किंवा उलट, ज्याला जे खपेल ते.

२०१८ च्या आपल्या जाहिरात व दावे नियमावलीत, अन्नाने आजार टळतो किंवा बरा होतो असं म्हणायला मनाई आहे. ती उत्पादकांना पाठ आहे. म्हणून 'अल्झायमर' हा शब्द कुठेच नसतो. चित्र असतं, वय झालेला चेहरा असतो, 'साथ', 'पोषण', 'तल्लख' असे निसरडे शब्द असतात. कायद्याच्या चिमट्यात सापडणार नाही असं सगळं, आणि ग्राहकाला जे कळायचं ते कळतंच.

आता मुख्य प्रश्न. समजा डीएचए भरपूर मिळालं, तर आजार टळतो का?

आशा वाटावी असे अभ्यास आहेत, ते लपवण्याचं कारण नाही. शिकागोतल्या ८१५ वृद्धांच्या २००३ सालच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांना अल्झायमर होण्याचा धोका ६० टक्क्यांनी कमी दिसला. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम अभ्यासात २००६ साली ८९९ जणांच्या रक्तातलं डीएचए मोजलं. ज्यांचं सर्वांत जास्त होतं त्या चौथाईत स्मृतिभ्रंश ४७ टक्के कमी. जाहिरातवाले वर्षानुवर्षं हेच आकडे फिरवतात.

पण मासे खाणारा माणूस आणखी काय काय करतो? बहुधा वडे-समोसे कमी खातो, चालतो जास्त, पैसा-शिक्षण बाळगून असतो. हे वेगळं काढायचं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी कॅप्सूल आणि निम्म्यांना खोटी द्यावी लागते. तसं केलं गेलं. अमेरिकेत ४०२ अल्झायमर रुग्णांना १८ महिने, खऱ्या गटाला रोज २ ग्रॅम डीएचए. २०१० साली निकाल आला : घसरण तसूभरही मंदावली नाही. मग म्हटलं गेलं, आजार झाल्यावर उशीर होतो, आधी द्या. फ्रान्समध्ये सत्तरीच्या पुढच्या, स्मृतीची तक्रार असलेल्या पण स्मृतिभ्रंश न झालेल्या १,६८० जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए, सोबत ईपीए. २०१७ चा निकाल : फरक नाही. अख्खा आहार बदलून पाहिला, तर २०२३ साली ६०४ जणांच्या 'माइंड' या, मेंदूसाठी म्हणून आखलेल्या आहाराच्या तीन वर्षांच्या चाचणीतही दोन्ही गट सारखेच निघाले.

यावरून ओमेगा-३ निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. मेंदूतला हा बिघाड लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेला असतो, आणि तीन वर्षांच्या चाचणीत ते पकडणं अवघड. दुसरी शक्यता मला रसायनवाला म्हणून जास्त रंजक वाटते. २०१४ साली सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेने दाखवून दिलं की डीएचए मेंदूत नेणारं एमएफएसडी२ए नावाचं एक खास प्रथिन असतं, आणि ते डीएचए उचलतं ते एका फॉस्फोलिपिडला (पेशींच्या आवरणात असतो तशा चरबीच्या रेणूला) जोडलेलं असेल तर. बहुतेक कॅप्सूलमध्ये डीएचए असतं ते ट्रायग्लिसराइड किंवा एथिल एस्टरच्या रूपात. आतड्यात आणि यकृतात त्याची फोड होऊन पुन्हा जोडणी होते, त्यातलं थोडं त्या रूपात पोचतं. तेव्हा गिळलेले मिलिग्रॅम आणि मेंदूत पोचलेले मिलिग्रॅम हा सरळ हिशोब नाहीच. यावर काम चालू आहे, पुढे कदाचित काही निघेलही. पण दुकानातली बाटली ते निघण्याची वाट बघत थांबलेली नाही.

एका आजारात मात्र एएलएला मान आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा उल्लेख मी कुठल्याही जाहिरातीत पाहिलेला नाही. मोटर न्यूरॉनचा आजार, म्हणजे एएलएस : यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केलेल्या २०१४ च्या अभ्यासात आहारात ओमेगा-३ सर्वाधिक असणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला, आणि त्यात एएलएचाही वाटा होता. २०२३ साली ४४९ रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले. ज्यांच्या रक्तात एएलए सर्वाधिक होतं, त्यांचा १८ महिन्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांच्या निम्मा होता. हीदेखील निरीक्षणंच आहेत, औषध सापडलं असं कुणी म्हणू नये. पण म्हणूनच तर मी म्हणतो की तिघांना एका नावाखाली झाकू नका. कुठल्या आजारात कुणाचा धागा सापडतो आहे ते वेगवेगळं आहे. उद्या एखाद्या न्यूरॉलॉजिस्टने रुग्णाला सांगितलं की एएलए अमुक इतकं घ्या, तर आजचं लेबल वाचून त्याला ते घेता येणार नाही.

लहान बाळांच्या दुधाच्या डब्यावर डीएचए मिलिग्रॅममध्ये वेगळं लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बाळासाठी जे जमतं ते आजीसाठी का जमू नये?

जवसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या मुलुखाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. पूर्व विदर्भात धान उभं असतानाच ओल्या बांधीत जवस, लाखोळी फेकायची उतेऱ्याची पद्धत जुनी. नागपूरला कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधनही होत आलं आहे. जेवणात जवसाची चटणी आणि घाणीचं तेल ही आमच्याकडे रोजची गोष्ट होती. पुढे पेरा घटत गेला, तेल महागलं, आणि आता तेच जवस 'फ्लॅक्स सीड' होऊन मॉलमध्ये तिप्पट भावाने बसलं आहे. ठीक आहे, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळाले तर मला आनंदच आहे.

पण जवसाचं तेल शेंगदाण्याच्या तेलासारखं वागवून चालत नाही. आपल्या मानकांत शेंगदाणा तेलाची आयोडीन व्हॅल्यू ८५ ते ९९ आणि जवसाची किमान १७०. हा आकडा जितका मोठा तितके दुहेरी बंध जास्त, आणि तितकी हवेशी झोंबी जास्त. ओलिक ॲसिडच्या तुलनेत एएलए वीस-पंचवीसपट वेगाने ऑक्सिडाइज होतं, म्हणजे हवेने खवट होतं. म्हणून तर जवसाचं तेल रंगात आणि वॉर्निशमध्ये वापरतात, पोरं बॅटला चोळतात : ते हवेत सुकून पापुद्रा धरतं. असं तेल पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत, दुकानाच्या उन्हं येणाऱ्या फळीवर, वर्षभराची मुदत छापून विकलं जातं. गटातल्या एका ताईंनी आणलेली बाटली मी उघडून हुंगली, तर थेट रंगाच्या दुकानाचा वास. त्या म्हणाल्या, "औषधी आहे ना काका, वास येणारच." मेंदूचं ऑक्सिडेशनपासून रक्षण व्हावं म्हणून माणूस ऑक्सिडाइज झालेलं तेल चमच्याने पितो आहे! गडद बाटली, गाळल्याची तारीख आणि उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं, एवढं तरी अशा तेलांवर बंधनकारक करा. माशाच्या तेलाच्या कॅप्सूललाही हेच लागू. डीएचएत तर सहा दुहेरी बंध.

गटात मी काय सांगतो, हे कुणी विचारेल. मी सांगतो की जवस आणा, भाजा, थोडं थोडं कुटा, चटणी करून आठवड्यात संपवा. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमच्या आसपास एएलए मिळतं. अख्खे दाणे गिळलेत तर जसेच्या तसे बाहेर पडतील. मासे खाणाऱ्यांना सांगतो की बांगडा, तारली खा. पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त, आणि तयार ईपीए-डीएचए त्यात आहे. यातली बरीच तारली तर माणसाच्या ताटात न येता मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात जाते. शाकाहारी माणसाला डीएचए हवंच असेल तर शेवाळापासून काढलेलं मिळतं. आणि शेवटी हेही सांगतो की यातल्या कशाने आईची स्मृती परत येईल असं मला वाटत नाही. हे ऐकून काही जण पुन्हा तेलाबद्दल विचारत नाहीत, ते मला समजतं.

आता ज्या कामासाठी आपलं मनापासून कौतुक करायला हवं, आणि जिथे आणखी जोर लावायला हवा, ते ट्रान्स फॅट, म्हणजे मुख्यतः तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी.

जपानमधल्या क्यूशू बेटावर हिसायामा नावाचं गाव आहे. तिथल्या १,६२८ वृद्धांच्या रक्तातलं इलायडिक ॲसिड, म्हणजे कारखानी ट्रान्स फॅटची खूण, मोजून त्यांच्यावर सुमारे दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ३७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांच्या रक्तात ते सर्वाधिक होतं त्यांना धोका साधारण दीडपट. ते कुठून आलं हेही पाहिलं : सर्वांत मोठा वाटा गोड बेकरी पदार्थांचा, मग मार्जरीन, टॉफ्या वगैरे. ही यादी वाचताना मला आपली खारी, नानकटाई आणि क्रीमरोल डोळ्यांपुढे आले. हाही निरीक्षणाचाच अभ्यास, माझा निकष इथेही तोच. पण इथे फरक असा की ट्रान्स फॅट कमी केल्याने नुकसान कुणाचंच नाही, आणि त्याचं कोलेस्टेरॉलशी, हृदयविकाराशी असलेलं नातं पक्कं आहे. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात ओमेगा-३ ची कमतरता नाही. मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल मात्र त्याच वर्षी नव्याने आलं आहे. फॅटी ॲसिडचा मेंदूशी सर्वांत भरवशाचा संबंध आज तरी रक्तवाहिन्यांमधून जातो, असं मी यावरून समजतो.

आपण ट्रान्स फॅटची मर्यादा १० टक्क्यांवरून ५ वर, जानेवारी २०२१ मध्ये ३ वर आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आणलीत. डेन्मार्कने हे २००३ साली केलं होतं, पण आपल्या देशाचा आकार पाहता ही मोठी गोष्ट आहे. पुढची पायरी अंमलबजावणीची. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रान्स फॅट हटवल्याचं पहिलं प्रमाणपत्र पाच देशांना दिलं, त्यात डेन्मार्क आहे, थायलंडही आहे, आपण नव्हतो. नियम कागदावर आला तरी पंधरा किलोच्या वनस्पती तुपाच्या डब्यापर्यंत, गल्लीतल्या भट्टीपर्यंत आणि सकाळपासून तापत असलेल्या कढईपर्यंत तो पोचला का, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. सुट्या खारीला लेबल नसतं. तेव्हा शहरवार घेतलेल्या बेकरी नमुन्यांचे निकाल आपण आणि राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनांनी ठरावीक काळाने जाहीर करावेत, एवढं या पत्रात जोडून मागतो.

मूळ मागणीवर उत्पादकांच्या हरकती काय येतील, याचा मला अंदाज आहे. जागा नाही, खर्च वाढेल, ग्राहक गोंधळेल. पोषण तक्त्यात संपृक्त आणि ट्रान्स फॅटच्या ओळी आज आहेतच, त्यांच्याखाली आणखी तीन. बाटलीच्या पुढच्या बाजूला मेंदूला जागा होते, तर मागे तीन ओळींना होईल. खर्चाचं म्हणाल तर फॅटी ॲसिडचं विश्लेषण गॅस क्रोमॅटोग्राफवर होतं, आणि नाव घेण्यासारख्या प्रत्येक तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत किंवा तिच्या नेहमीच्या बाहेरच्या प्रयोगशाळेत ते यंत्र आहे. त्या आलेखात एएलए, ईपीए, डीएचए यांची शिखरं वेगवेगळीच उमटतात. आकडा कंपनीच्या हातात असतोच, तो छापायचा तेवढा बाकी आहे. ज्यात डीएचए नाही, त्या बाटलीवर 'डीएचए : ०' असं छापावं लागेल. खरा विरोध या शून्याला होईल.

नियमाचा मसुदा काढलात तर हरकती-सूचनांच्या मुदतीत माझं पत्र येईल. मसुदा मराठीतही उपलब्ध करून दिलात तर आमच्या गटातली आणखी काही मंडळी लिहितील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त तेल-रसायनतज्ज्ञ
नागपूर